नाव ठरवा, पण दोन्ही ठरवा

सातवा महिना लागला, ओटी भरली आणि सून माहेरी निघाली की घरात नावाचा विषय निघतो. थोरली माणसे म्हणतात, जन्माआधी नाव काढू नये, नजर लागते. कोणी म्हणते, जन्मवेळेवरून अक्षर निघाल्याशिवाय नाव कसे ठरणार? शिवाय नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि तो बाराव्या दिवशी पाळण्यापाशी. हे सगळे आपल्या रीतीला धरूनच आहे. तरीही हल्लीची तरुण जोडपी आधीच दोन-चार नावे काढून ठेवतात, आणि माझ्या मते ते चांगलेच आहे. येणाऱ्या जिवाबद्दल आई-वडिलांनी एकत्र बसून बोलावे, यात अपशकुन कसला?

माझी तक्रार निराळी आहे. लोहारा आणि आसपासच्या खेड्यांतून तपासणीला येणाऱ्यांना मी सहज विचारतो, "नाव ठरले का?" उत्तर येते, "व्हय डॉक्टर, आज्याचं नाव ठेवायचं." आज्याचे नाव म्हणजे मुलाचेच. "आणि मुलगी झाली तर?" असे विचारले की बोलणे थांबते. सासूबाई दाराकडे बघतात. जिच्या पोटात लेकरू आहे ती मान खाली घालते.

डॉक्टर म्हणून मला त्या खाली गेलेल्या मानेची काळजी वाटते. आधीच आपल्याकडच्या पुष्कळ बायकांचे रक्त कमी असते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला आम्ही रक्तक्षय म्हणतो. त्यात मनात धाकधूक असली की जेवण जात नाही, झोप लागत नाही. पुढे मुलगी झाली आणि घरातले चेहरे पडले, तर बाळंतिणीच्या दुधावरही परिणाम होतो. दूध तयार असते, पण मन अस्वस्थ असले की पान्हा लवकर फुटत नाही. मग "आता मुलगा पाहिजे" म्हणून मुलीचे अंगावरचे दूध लवकर तोडले जाते आणि वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहतात. एका बाळंतपणानंतर पुढचा विचार करण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. तेवढ्यात आईचे रक्त भरून येते आणि मुलीलाही पुरेसे दूध मिळते. घाई केली तर त्याची किंमत आई, मुलगी आणि पोटातले लेकरू असे तिघेही मोजतात.

नको असलेल्या मुलीचे नाव काय ठेवले जाते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. सातारा जिल्ह्यात कित्येक मुलींची नावे 'नकुशा', 'नकुशी' अशी होती. नकुशी म्हणजे नकोशी. एकापाठोपाठ मुली झाल्या की शेवटचीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल, अशी समजूत. शाळेच्या हजेरीत ती मुलगी रोज आपण नकोशी असल्याचे ऐकत असे आणि 'हजर' म्हणत असे. सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने अशा मुलींचा शोध घेतला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभपूर्वक २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. अनेकींनी आपले नाव स्वतः निवडले. फार चांगले काम झाले. पण ते बारसे त्यांच्या वाट्याला पहिल्याच खेपेला यायला हवे होते.

आपल्याकडे नकुशी नाही, असे म्हणून सुटका होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या; २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८०७ वर आला होता. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू आहे. मुलगा की मुलगी हे शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही मार्गाने सांगणे गुन्हा आहे. तेव्हा डॉक्टरला अडून अडून विचारू नका.

एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती अजून घरोघर पोचलेली नाही. मुलगा की मुलगी हे बाईवर अवलंबून नसते. आईच्या बीजात एक्स गुणसूत्रच असते. वडिलांच्या शुक्रजंतूंपैकी काहींत एक्स, तर काहींत वाय असते. वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी. हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरते. नंतर ते बदलणारे औषध जगात नाही. 'मुलगा होण्याचे औषध' म्हणून दुसऱ्या महिन्यात दिल्या जाणाऱ्या पुड्या तर मुळीच घेऊ नयेत. त्याच दिवसांत बाळाचे अवयव घडत असतात, आणि त्या पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की नावे दोन्ही ठरवा. आज्याचे नाव काढले असेल तर आजीचेही काढा. नजरेची भीती असेल तर गावभर सांगू नका, नवरा-बायकोत ठेवा. अक्षर नंतर बदलले तरी हरकत नाही. मुलीच्याही नावाचा विचार झाला आहे, एवढे सुनेला कळले तरी तिच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.

कागदाचेही पाहा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरले नसले तरी ती होते, आणि वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. पण बरेच जण पुढे ते विसरतात आणि शाळेच्या वेळी धावपळ होते. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून घ्या.

आणि नाव ठेवले की त्याच नावाने हाक मारा. सातव्या महिन्यापासून पोटातले बाळ आईचा आवाज ऐकते. जन्मानंतर पाचव्या महिन्याच्या सुमारास ते आपले नाव ओळखू लागते. नऊ महिन्यांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नसेल, तर 'उशिरा समजेल' म्हणत बसू नका, कान तपासून घ्या.

पुढच्या तपासणीला येताना लोहाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट आणा, आणि दोन्ही नावे ठरली का तेही सांगा. मी विचारणार आहे.