खाडीपुलांवर सायकलीची जागा आताच ठेवा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई

महोदय,



आंबेगाव तालुक्यातल्या मंचरहून हे पत्र लिहीत आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम आपल्या महामंडळाकडे आहे. या मार्गावर रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड असे मोठे खाडीपूल होत आहेत. माझं मुख्य मागणं एकच आहे. या पुलांवर सायकलींसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी, सुरक्षित मार्गिका ठेवा, आणि ती आराखड्यातच ठेवा. रस्ता मागाहून रुंद करता येतो. उभ्या राहिलेल्या पुलाला मागाहून मार्गिका जोडणं मात्र फार अवघड आणि फार खर्चाचं काम होऊन बसतं.

घाटावरच्या माणसाने किनाऱ्याबद्दल का बोलावं, असं कुणी विचारेल. आमच्या शेजारचं जुन्नर दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांशी जोडलेलं होतं. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि माथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आमचा शिवनेरी आहे. त्याच यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत, आणि हे चारही किल्ले आपल्या सागरी महामार्गाच्या वाटेवर येतात. दिवाळी सरून थंडी पडली, की आमच्या भागातले सायकलवाले सामान बांधून माळशेज नाहीतर ताम्हिणी घाट उतरतात आणि किनाऱ्याला लागतात. त्यातलाच मी एक.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना या सागरी मार्गाची कल्पना पुढे आली, त्याला आता चार दशकं उलटली. नकाशावर हा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता समुद्रालगत निवांत चाललेला दिसतो. प्रत्यक्षात तो सतत वरखाली होतो. खाडीच्या काठाला समुद्रसपाटी, तिथून अंगावर येणारा चढ, वर जांभ्याचा मोकळा सडा, मग तीव्र उतार आणि पुन्हा खाडी. एकेका चढाची उंची माळशेजपुढे काहीच नाही, पण असे चढ दिवसभर संपत नाहीत. सत्तर किलोमीटर झाले की पाय घाट चढल्यासारखे भरून येतात. तरीही माणसं पुन्हा पुन्हा तिथे जातात. आरे-वारेच्या वळणावर अचानक खाली दोन किनारे उघडतात, वेळणेश्वरला उतरताना माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसतो, आणि कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेल्या प्रचंड हत्तीपाशी थांबलं की चढाचा शीण विसरायला होतं. तो हत्ती ज्या कातळशिल्पांपैकी आहे, ती २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

आता या रस्त्यावरचा एक चढ जवळून पाहा. दाभोळहून निघालेली फेरीबोट धोपाव्याच्या धक्क्याला लागते, पुढची फळी काँक्रीटवर टेकते. दुचाकी निघतात, मोटारी निघतात, टेम्पो निघतो, आणि सायकलवाला सगळ्यांच्या मागून बाहेर पडतो. धक्का सोडला की चढ सुरू. सायकल सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, वेग ताशी पाच-सहा किलोमीटर, मागच्या चाकावर बारा-पंधरा किलोचं सामान. इतक्या कमी वेगात सायकल जराशी डावी-उजवीकडे जातेच. तेवढ्यात मागून पुढच्या फेरीची गाडी हॉर्न देत आली, तर सरकायचं कुठे? डांबराच्या कडेला चार बोटांची पायरी, तिच्याखाली लाल भुसभुशीत खडी, त्यापलीकडे गटार. कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर हातभर पक्की जागा असती, तर गाडीवाल्याचाही जीव टांगणीला लागला नसता.

मी पुलांच्या विरोधात नाही. अडलेल्या बाळंतिणीला वेळेत दवाखाना गाठता यावा, हर्णैची मासळी आणि देवगडचा हापूस बाजारात लवकर पोचावा, यासाठी पूल हवेतच. माझी काळजी वेगळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर दुचाकी आणि सायकलींना मनाई आहे. तो शहराचा द्रुतगती पूल आहे, त्याचं गणित निराळं. पण कोकणातल्या खाडीवर पूल झाला की मोटारी पुलावर जातील आणि फेरीबोटीला गिऱ्हाईक उरणार नाही. दाभोळ-धोपावे फेरी आज दोन दशकांहून अधिक काळ माणसं, गाड्या आणि सायकली पलीकडे नेते आहे. ती बंद पडली आणि पुलावर सायकलीला धड जागा नसली, तर ज्याच्याकडे इंजिन नाही त्याचा आजचा रस्ताच जाईल. पलीकडच्या शाळेत सायकलने जाणारी मुलगी आणि टोपली घेऊन चालत जाणारी मासेवाली, दोघींनाही गाडीची वाट पाहत उभं राहावं लागेल. म्हणून ही मागणी हौशी सायकलवाल्यांपुरती समजू नये.

हे जमतं, याचं उदाहरण जपानमध्ये आहे. ओनोमिची ते इमाबारी या सुमारे ७० किलोमीटरच्या शिमानामी काइदो मार्गावर समुद्रातली बेटं एकामागून एक पुलांनी जोडली आहेत. १९९९ मध्ये तो मार्ग खुला झाला, तेव्हाच पुलांवर सायकली आणि पादचाऱ्यांसाठी सोय होती. पुलावर चढण्यासाठी सायकलींना वेगळे, सौम्य चढाचे वळणदार रस्ते दिले आहेत, आणि खालच्या रस्त्यावर निळी पट्टी मारून वाट दाखवली आहे. आज जगभरातून लोक केवळ सायकल चालवायला तिथे जातात. आपल्याकडची दापोली, गुहागर, मालवणची किनारपट्टी देखणेपणात कुठे कमी नाही.

पैशाचाही विचार करावा. मोटारीने निघालेला माणूस दिवसाउजेडी गोव्याला पोचतो, वाटेत दोनदा थांबतो. सायकलवाला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जातो, म्हणजे त्याचा प्रत्येक रात्रीचा मुक्काम कोकणातच पडतो. तोही दिवेआगर, केळशी, मालगुंड, आंबोळगड, कुणकेश्वर अशा गावांत, कुणाच्या तरी घरगुती खोलीत, कुणाच्या तरी खानावळीत. भूक त्याला खूप लागते आणि तो रोख पैसे देऊन जेवतो.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या मांडतो.

पहिली, प्रत्येक मोठ्या खाडीपुलावर कठड्याने किंवा उंच कडेने वेगळी केलेली सायकल आणि पादचारी मार्गिका असावी, आणि जोडरस्त्याच्या चढावरही ती तुटू नये. भारतीय रस्ते काँग्रेसचे सायकल मार्गांसाठी स्वतंत्र निकष आहेत, ते वापरावेत.

दुसरी, लहान दिसणाऱ्या गोष्टी नीट व्हाव्यात. पुलाच्या सांध्यांतल्या फटी, गटारावरच्या रस्त्याला समांतर बसवलेल्या लोखंडी जाळ्या आणि कडेपर्यंत मारलेले रंबलर यांवर सायकलीचं अरुंद चाक अडकतं किंवा उसळतं. जाळी आडवी बसवली आणि रंबलर कडेला हातभर सोडून मारले, तरी अपघात टळतील. त्याला जास्तीचा खर्च जवळजवळ नाहीच.

तिसरी, नवा रस्ता जिथे सरळ काढला जाईल, तिथे गावातून जाणारा जुना किनारी रस्ता जपावा, त्याची डागडुजी होत राहावी आणि त्यावर संथ वाहतुकीचे फलक लागावेत. पुणे-नाशिक महामार्गाला मंचरचं बाह्यवळण झालं आणि जड वाहनं गावाबाहेरून जाऊ लागली. जुना रस्ता तसा मोकळा झाला की गावाला केवढा श्वास मिळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आरे-वारे, आंजर्ले, वेळणेश्वरच्या वाटांना तोच न्याय मिळावा.

चौथी, पुलावर सायकल आणि पादचाऱ्यांची पक्की सोय होत नाही, तोवर त्या खाडीवरची फेरी बंद पडू नये, यासाठी संबंधित खात्यांशी आपण बोलावं.

आणि एक विनंती. प्रत्येक पुलाचा आडवा छेद, म्हणजे कुठल्या वाहनाला किती रुंदी ठेवली आहे हे दाखवणारा आराखडा, महामंडळाने लोकांसमोर ठेवावा. काम पुढे गेल्यावर हरकतींना अर्थ उरत नाही. आज कागदावर एक रेघ सरकवून जे होईल, ते उद्या कोट्यवधी रुपये खर्चूनही होणार नाही. असे पूल शंभर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब करून बांधले जातात. त्या शंभर वर्षांत किनाऱ्यावरच्या पोरांना आणि घाटावरून आलेल्या पाहुण्यांना स्वतःच्या पायांच्या बळावर खाडी ओलांडता येईल की नाही, हे त्या एका रेघेवर ठरणार आहे. ती रेघ आखावी आणि या पत्राचं उत्तर जाहीरपणे द्यावं.

आपला,
मंचरचा एक सायकलस्वार
ता. आंबेगाव, जि. पुणे