डिप्रेशनवर उपचार घेतले असतील तर जीवन विमा मिळतो का? कायदा काय सांगतो?

समजा, शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत उभी राहते आहे. ३५ वर्षांची एक नोकरदार स्त्री तिथे कर्ज काढून फ्लॅट घेते. घरात शाळकरी मुलगा आणि पेन्शनवर जगणारे आईवडील. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर हप्ते कोण भरणार, या विचाराने ती एक कोटीची टर्म पॉलिसी काढायला घेते.

फॉर्म भरताना एक प्रश्न येतो. तुम्हाला कधी नैराश्य, चिंता किंवा इतर कोणता मानसिक आजार झाला होता का? त्यावर उपचार घेतले का?

चार वर्षांपूर्वी तिने आठ महिने गोळ्या घेतल्या होत्या. आता ती ठणठणीत आहे. 'हो' लिहिलं तर पॉलिसी अडकण्याची भीती. 'नाही' लिहिलं तर पुढे क्लेम अडकण्याची.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण फॉर्मवरचा प्रश्न आणि त्यामागची कोंडी खरी आहे. 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, साधारण २० पैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं असतं.

'आता विमा नाकारता येत नाही' हे खरं आहे का?

सोशल मीडियावर हे वाक्य अनेकदा वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा या कायद्याच्या मसुद्यात सहभाग होता. कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की, शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी जसा वैद्यकीय विमा मिळतो, तसाच तो मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने द्यायला हवा.

त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना हे कलम पाळण्याचे आदेश दिले. तरीही काही पॉलिसींमधून मानसिक आजार वगळलेलेच राहिले. अशाच एका प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी अट कायद्याविरुद्ध असल्याचं सांगत कंपनीला क्लेम देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला कंपन्यांना पुन्हा एकदा बजावावं लागलं.

पण कलमातले शब्द नीट वाचायला हवेत. तिथे 'वैद्यकीय विमा' असं लिहिलं आहे. म्हणजे हॉस्पिटलचं बिल भरणारा आरोग्य विमा. मृत्यूनंतर कुटुंबाला पैसे देणाऱ्या जीवन विम्याचा त्यात उल्लेख नाही.

त्यामुळे कलम २१(४) दाखवून जीवन विमा कंपनीकडे पॉलिसीचा हक्क सांगता येत नाही.

मग कंपनी निर्णय कसा घेते?

प्रपोजल आल्यावर कंपनी त्या व्यक्तीची जोखीम तपासते. याला अंडररायटिंग म्हणतात. नैराश्याचा उल्लेख असेल तर सहसा वेगळी प्रश्नावली येते आणि डॉक्टरांची कागदपत्रं मागितली जातात. निदान काय होतं, त्रास कधी झाला, हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं का, स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न झाला होता का, गोळ्या सुरू आहेत का, नोकरी नियमित सुरू आहे का, हे पाहिलं जातं.

यातून चार निकाल लागू शकतात. नेहमीच्या प्रीमियमवर पॉलिसी मिळते. जादा प्रीमियम लावून मिळते, त्याला लोडिंग म्हणतात. 'काही काळाने पुन्हा या' असं सांगितलं जातं. किंवा थेट नकार येतो.

एकाच कागदपत्रांवर दोन कंपन्यांचे निकाल वेगळे असू शकतात, कारण प्रत्येक कंपनीचे जोखमीचे निकष वेगळे असतात.

लपवलं तर काय होतं?

'तीन वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही' हा सल्लाही बराच फिरतो. त्याचा आधार आहे विमा कायदा १९३८ चं कलम ४५. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे कलम सांगतं की, तीन वर्षं झाल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येणार नाही.

पण ही तीन वर्षं कधीपासून मोजायची? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्याची तारीख किंवा रायडर घेतल्याची तारीख, यातली जी सर्वांत नंतरची असेल तिथपासून. म्हणजे हप्ते चुकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा सुरू केली, तर मोजणी नव्याने सुरू होते.

आणि या तीन वर्षांत मृत्यू झाला तर? महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते. मृत्यू अपघाताने झाला तरी जुन्या आजाराची माहिती दडवल्याचा मुद्दा कंपनी काढू शकते. फसवणुकीचा आरोप नसेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. पण एक कोटीच्या जागी काही हजारांचे हप्ते परत मिळाले, तर घराचं कर्ज फिटत नाही.

'फॉर्म एजंटने भरला होता' ही सबबही टिकत नाही. २०१९ मध्ये एका जीवन विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, प्रपोजल फॉर्मवर सही करणाऱ्याला त्यातल्या उत्तरांची जबाबदारी झटकता येत नाही.

आत्महत्या झाल्यास क्लेम मिळतच नाही?

हाही एक मोठा गैरसमज आहे. जीवन विम्यात ही अट फक्त पहिल्या १२ महिन्यांपुरती असते. त्या काळात आत्महत्येने मृत्यू झाला तर साधारणपणे भरलेल्या प्रीमियमच्या किमान ८० टक्के रक्कम नॉमिनीला मिळते. त्यानंतर केवळ मृत्यू आत्महत्येने झाला म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

खरी अडचण कुठे आहे?

फॉर्मवरचा प्रश्न आजाराबरोबर उपचारांचाही असतो. जो डॉक्टरांकडे गेला, त्याच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी असतं. ज्याला त्रास होता पण तो कधी गेलाच नाही, तो प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो आणि त्याला नेहमीच्या दरात पॉलिसी मिळते. उपचार घेऊन सावरलेला माणूस कागदावर जास्त जोखमीचा ठरतो. 'नाव लागेल' म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं टाळणाऱ्यांना हे आणखी एक कारण मिळतं.

कंपन्यांची बाजूही आहे. गंभीर नैराश्यात मृत्यूचा धोका वाढतो, आणि जोखमीनुसार प्रीमियम ठरवणं हाच विम्याचा पाया आहे. प्रश्न हा आहे की, नकार आकडेवारीवर आधारलेला आहे की नुसत्या शब्दाला घाबरून दिलेला.

याचं उत्तर संसदेने एका आजाराबाबत दिलेलं आहे. २०१७ मध्येच एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा संमत झाला. एचआयव्हीबाधित व्यक्तीला विमाशास्त्रीय अभ्यासाचा आधार नसताना विमा नाकारणं किंवा अन्याय्य वागणूक देणं हा त्यात भेदभाव मानला आहे. तिथे 'वैद्यकीय' ही मर्यादा नाही. जीवन विमाही त्यात येतो. मानसिक आजारांसाठी मात्र त्याच वर्षी आलेल्या कायद्यात हे कलम नाही.

ऑस्ट्रेलियात असा आधार मागितला गेला आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये प्रवास विम्याच्या एका प्रकरणात निकाल दिला. सगळे मानसिक आजार सरसकट वगळण्यामागची आकडेवारी कंपनीला दाखवता आली नाही, म्हणून ती अट बेकायदा ठरली. भारतात जीवन विमा कंपनीने असा हिशोब दाखवावा, असं मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगत नाही.

आज काय करता येईल?

• फॉर्मवर खरं लिहा. पुरावा म्हणून डॉक्टरांकडून निदान, उपचारांचा काळ आणि सध्याची स्थिती सांगणारं पत्र घ्या. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ ने दिला आहे.

• एकाच वेळी अनेक कंपन्यांकडे अर्ज टाकू नका. 'याआधी प्रपोजल नाकारलं गेलं का?' हा प्रश्नही फॉर्मवर असतो. आधी सगळी माहिती देऊन चौकशी करा, मग अर्ज करा.

• पॉलिसी हातात आल्यावर त्यासोबतची फॉर्मची प्रत तपासा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांच्या फ्री-लुक काळात पॉलिसी परत करता येते.

• वैयक्तिक पॉलिसी मिळेपर्यंत दुसरे आधार पाहा. पीएफ खातं असलेल्या कर्मचाऱ्यांना ईडीएलआय योजनेतून कमाल ७ लाखांचं संरक्षण असतं. १८ ते ५० वयाच्या बँक खातेदारांना प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं. दोन्हींसाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही. कंपनीची ग्रुप टर्म पॉलिसी आहे का, हेही विचारा.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्याचं लोकपाल कार्यालय शनिवार पेठेला लागूनच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात. त्याहून मोठ्या दाव्यासाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

नाकारलेल्या क्लेमसाठी हा दरवाजा उपयोगी आहे. पण मुळात पॉलिसीच नाकारली गेली, तर लोकपालांचं काम फार मर्यादित आहे. प्रीमियम घेऊनही पॉलिसी दिली नाही, अशा तक्रारी ते ऐकतात. जोखीम पाहून दिलेला नकार बरोबर की चूक, हे तपासायला आधी कायद्यात तसा निकष असावा लागतो. एचआयव्ही कायद्यातल्यासारखं एक वाक्य मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आलं, तर 'हो' लिहिणाऱ्याला निदान नकाराचं कारण तरी विचारता येईल.

(मन खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं.)