बेगमीत वादळही धरा

मे सरत आला की कोकणात बेगमी सुरू होते. कौलं चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी डब्यांत भरायची. ही तयारी पावसाची, वादळाची नव्हे. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याच्या कडेने गुजरातकडे गेलं.

इशारा बहुधा दोन-तीन दिवस आधी मिळतो. तेवढ्यात घरावर झुकलेल्या फांद्या छाटा, सैल पत्रे आवळा. वीज गेली की पंप, मोबाइल, एटीएम सारंच ठप्प. म्हणून पाणी, औषधं, थोडी रोकड हाताशी हवी आणि फोन नंबर कागदावर. (ते पाठ असणारी पिढी संपत आली!) वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. लोक नेमके तेव्हाच पडझड पाहायला बाहेर पडतात आणि वारा उलट दिशेने परततो. तेव्हा आतच थांबा.

कच्च्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण, कुठे नेणार, हे मात्र इशाऱ्याची वाट न पाहता आजच ठरवा. आणि जून उलटला म्हणजे सुटलो, असं समजू नका; अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो.