पन्नाचे हिरे : बातमी एकाची, खड्डे अनेकांचे

मोबाईलवर अधूनमधून एक बातमी फिरते, ‘मजुराला हिरा सापडला, रातोरात लखपती.’ जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात एका मजुराला १९.२२ कॅरेटचा हिरा मिळाला, तेव्हाही ती गावोगाव फिरली. किंमत ८० लाखांच्या घरात सांगितली गेली. बातमी खरी, पण अर्धी.

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. म्हणजे तो हिरा पुरता चार ग्रॅमचाही नव्हता. हिरा जमिनीत फार खोल तयार होतो आणि ज्वालामुखीच्या खडकाबरोबर वर येतो. खडक झिजला की पाण्याबरोबर वाहतो आणि वाळूपेक्षा जड असल्यामुळे गोट्यांच्या थरात अडकतो. पन्नात लोक हाच थर खणतात. वरची माती काढायची, खालची गोट्यांची माती पाण्यात धुवायची, वाळवायची आणि खडा न् खडा हाताने निवडायचा.

सरकारी पट्टा ८ बाय ८ मीटरचा, फी वर्षाला २०० रुपये. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करायचा. लिलाव झाला की रॉयल्टी आणि कर कापून बाकी रक्कम पट्टेदाराला मिळते. कागदावर हे गरिबाच्या बाजूचं आहे. पण खणाई, धुलाई आणि बुडालेली मजुरी हा खर्च पट्टेदाराच्याच डोक्यावर. २०२४ चा तो मजूरही वर्षानुवर्षे पट्टे घेत होता. लिलावात बोली लागली नाही तर पुढच्या लिलावापर्यंत थांबा. ज्याला थांबणं परवडत नाही, तो चोरून व्यापाऱ्याला पडत्या भावात हिरा देऊन मोकळा होतो.

त्यात आता बाजार बदललाय. फरशी कापायच्या कटरच्या पात्यावरचा हिऱ्याचा भुगा कारखान्यात बनतो. उद्योगात लागणारे जवळपास सगळेच हिरे आता असे आहेत. दागिन्यांतही प्रयोगशाळेतला हिरा बराच स्वस्त मिळतो. त्याने खाणीतल्या हिऱ्याचा भाव दबलाय. खड्ड्यातली मेहनत मात्र तेवढीच.

म्हणून पट्टा स्वस्त ठेवून भागत नाही. लिलाव वेळेवर आणि पैसे लवकर मिळाले, तरच हिरा चोरवाटेने जायचा थांबेल. पुढच्या वेळी अशी बातमी आली की किमतीबरोबर एवढंही विचारावं : त्या वर्षी पट्टे किती जणांनी घेतले, आणि रिकाम्या हाताने किती जण घरी गेले?