विश्लेषण : भारतमातेचे व्यंगचित्र ‘राजद्रोह’ की ‘देशद्रोह’?

रस्त्यावर उतरलेले तरुण देशाला माणसाचे रूप देऊन चित्र काढतात, तेव्हा त्या चित्रात नेमके कोण दुखावले जाते? देश की सरकार? २०१२ मध्ये २५ वर्षांच्या एका व्यंगचित्रकाराला मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात जावे लागले, ते या दोहोंत गल्लत झाल्यामुळे. त्यानंतर कायदा बदलला, कलमाचा क्रमांकही बदलला. गल्लत मात्र कायम आहे.

प्रकरण काय होते?

डिसेंबर २०११ मध्ये लोकपालसाठी अण्णा हजारे यांनी वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर उपोषण केले. तेथे कानपूरचे असीम त्रिवेदी यांची व्यंगचित्रे मांडली गेली. एकात राजमुद्रेवर सिंहांऐवजी लांडगे होते आणि खाली ‘भ्रष्टमेव जयते’. दुसऱ्यात संसदेला शौचकूपाचे रूप दिले होते. सर्वाधिक वाद झाला तो तिसऱ्यावर. तिरंगी साडीतील भारतमातेला राजकारणी आणि नोकरशहा यांनी धरून ठेवले आहे आणि भ्रष्टाचाराचा राक्षस तिच्यावर अत्याचार करण्याच्या तयारीत आहे, असे ते चित्र. 

तक्रार झाली, संकेतस्थळ बंद पाडण्यात आले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये अटक. राजद्रोहाचे कलम १२४ अ, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ आणि राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरोधातील १९७१ चा कायदा, असे सगळे एकत्र लावले गेले. राजद्रोहाचा आरोप मागे घेतल्याशिवाय जामीन मागणार नाही, असे त्रिवेदी यांनी सांगितले. अखेर एका वकिलाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पाच हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यांची सुटका केली. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने राजद्रोहाचे कलम लावणार नसल्याचे न्यायालयात सांगितले.

देशाला आई म्हणून रेखाटणे कधीपासून?

वंगभंगाच्या वर्षी, १९०५ मध्ये, अवनींद्रनाथ टागोर यांनी काढलेले चित्र सर्वांना माहीत आहे : भगवी वस्त्रे, चार हात; त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, माळ आणि शुभ्र वस्त्र. ही माता शांत आहे. पुढे स्वातंत्र्य चळवळीतील चित्रांमध्ये ती बेड्यांत दिसू लागली. बेड्या घालणारा परकीय होता, म्हणून चित्राचा अर्थ लावताना कोणाचा गोंधळ होत नव्हता. 

अण्णांच्या आंदोलनातही ती होतीच. एप्रिल २०११ मध्ये जंतरमंतरवरील मंचामागे भारतमातेची भव्य प्रतिमा होती. ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर तिची जागा गांधीजींच्या छायाचित्राने घेतली. म्हणजे मंचावरची माता वंदनीय आणि काही महिन्यांनी कागदावर तीच संकटात दिसली तर गुन्हा. फरक एवढाच की, या वेळी तिचे हात धरणारे आपल्यातलेच होते.

न्यायालय काय म्हणाले?

मार्च २०१५ च्या निकालात उच्च न्यायालयाने त्रिवेदी यांच्या चित्रांचे अजिबात कौतुक केले नाही. त्यांत विनोद नाही, उपरोध नाही. आहे तो भ्रष्टाचाराबद्दलचा संताप आणि तिटकारा, असे मत नोंदवले. मात्र हिंसेला चिथावणी नसेल आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू नसेल, तर तेवढ्यावरून संताप व्यक्त करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. व्यंगचित्र चांगले असण्याची अट कायद्यात नाही, हा त्याचा सरळ अर्थ. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी घाईत रंगवलेल्या फलकांसाठी हीच गोष्ट सर्वांत मोलाची, कारण त्यातले बहुतेक फलक चांगले नसतातच.

या निकालानंतर राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांसाठी परिपत्रक काढले. त्याच्या शब्दरचनेमुळे लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोह ठरेल, अशी ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावे लागले.

मग चित्र निर्दोष होते का?

कायद्याच्या दृष्टीने, हो. पण त्यावर एक आक्षेप घ्यायला हवा आणि तो पोलिसांचा नाही. देश म्हणजे स्त्री, तिच्यावरचे संकट म्हणजे अत्याचार आणि तिला वाचवायला कोणीतरी पुत्र येणार, या कल्पनेत ती स्वतः काहीच करत नाही. बलात्कार हा रूपक म्हणून वापरण्याचा विषय आहे का, हा प्रश्नही उरतोच. 

याच्या उलट सुदानचे उदाहरण पाहा. एप्रिल २०१९ मध्ये खार्टूम येथे २२ वर्षांची विद्यार्थिनी आला सालाह पांढऱ्या तोबमध्ये मोटारीच्या टपावर उभी राहून, हात उंचावून घोषणा देत होती. लाना हारून यांनी टिपलेले ते छायाचित्र पाहता पाहता जगभर पोहोचले. चित्रकारांनी त्यावरून असंख्य चित्रे केली आणि ती मुलगी उठाव केलेल्या सुदानचे रूप झाली. प्राचीन कुश राज्यातील राण्यांवरून तिला ‘कंदाका’ म्हटले गेले. त्या चित्रांतला देश रडत नाही, बोलतो. मातेपेक्षा ही मुलगी आंदोलनाला अधिक शोभते.

आता कायदा काय सांगतो?

मराठी बातम्यांत ‘राजद्रोह’ आणि ‘देशद्रोह’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. टिळकांवर चालला तो राजद्रोहाचा खटला. कलम १२४ अ कायद्याने स्थापित सरकारविषयी होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. त्याऐवजी कलम १५२ आले असून, ते देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांविषयी आहे. पूर्वी जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. दृश्य चित्रण आणि इलेक्ट्रॉनिक संदेश, दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. 

सरकारच्या धोरणांवर कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेली टीका गुन्हा नाही, असे स्पष्टीकरण या कलमात आहे. पण चित्रात सरकार नसून खुद्द देशच उभा असेल तर? ती टीका धोरणावरची की देशावरची, हे पहिल्यांदा ठरवणार तो गुन्हा नोंदवून घेणारा ठाण्यातला अधिकारी.