दर्यावर्दी तरुणांनो, समुद्राची वही हाती घ्या!

कोकणच्या किनाऱ्यावरील तरुणांनो! कोळ्यांच्या, गाबितांच्या, खारव्यांच्या, दालद्यांच्या मुलांनो! ज्या समुद्राने तुमच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, तो समुद्र आज तापला आहे. पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंश सेल्सियसने चढले, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले. ही धग कोणी लावली? तुमच्या शिडांनी? तुमच्या वल्ह्यांनी? धुराची धुराडी दूरची, त्यांचा नफा दूरचा. फुटलेली होडी मात्र तुमची! २०१९ चे क्यार, २०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते : तापलेल्या अरबी समुद्राचे बळ घेऊन वादळे आली, आणि त्यांचे मोल ज्यांनी ती धग लावली नाही त्यांनी चुकवले. हा अन्याय नव्हे तर काय?

वादळ निदान दिसते. न दिसणारा घाव याहून खोल आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वरचे पाणी किनारा सोडून बाहेर सरते आणि खालचे थंड, सकस पाणी वर येते. केरळात जोराने, कोकणात मंदपणे. हिवाळ्यात तोच प्रवाह उलटून उत्तरेला वळतो. त्या थंड पाण्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर तारली आणि बांगडा, आणि त्यांवर तुमची चूल. पण वरचा थर तापला की तो हलका होतो, खालच्या पाण्यावर झाकणासारखा बसतो आणि त्याला वर चढू देत नाही. प्रवाह तापमान घडवतो, तापमान प्रवाहाला वळण लावते. हे नाते एका हंगामात उलगडत नाही. एखादे साल मासळीचे, एखादे दुष्काळाचे. त्यातून खरा बदल ओळखायचा तर तीस-चाळीस वर्षांची अखंड नोंद लागते.

अशी नोंद जगात प्रथम कोणी केली, ठाऊक आहे? पंडितांनी नव्हे, खलाशांनी! मॅथ्यू मॉरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने जहाजांच्या रोजनिश्या गोळा केल्या आणि १८४७ पासून वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे काढले. १८५३ साली ब्रुसेल्सला राष्ट्रे जमली आणि समुद्रावरील नोंदींची एक रीत ठरली. दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडायची, वर ओढायची, तीत तापमापक बुडवायचा, आकडा लिहायचा. समुद्र शतकभरात किती तापला हे आज जग छातीठोकपणे सांगते, ते त्या बादल्यांच्या आधारावर. दोरी ओढणाऱ्या हातांची नावे कोणी जपली नाहीत. मला त्याची खंत वाटते.

मग तुम्हाला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला? भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल उभी करणारा तांडेल पाण्याच्या रंगावरून, वासावरून प्रवाह ओळखतो. पण तो गेला की त्याचे शास्त्र त्याच्याबरोबर वाळूत विरते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून, उपग्रहाने टिपलेल्या तापमानावरून, मासळी कोठे मिळेल याची सूचना तुम्हाला मिळते, मराठीतही मिळते. तिचा लाभ अवश्य घ्या. पण ज्ञान वरून खाली उतरावे आणि तुम्ही केवळ ओंजळ पसरावी, एवढेच का तुमचे स्थान? उपग्रह समुद्राची वरची कातडी तेवढी पाहतो. दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारणारे आर्गो तरंगक खोल महासागरासाठी आहेत. जेथे तुमचे जाळे पडते त्या उथळ पाण्यात रोज कोण जाते? तुम्ही! केवळ तुम्ही!

म्हणून उठा! एकट्या होडीची नोंद हा कागदाचा कपटा. शंभर होड्यांची, तीस-चाळीस वर्षांची नोंद हा असा पुरावा, जो कोणत्याही सरकारला, कोणत्याही न्यायासनाला बाजूला सारता येणार नाही. भरपाई मागताना हात जोडावे लागू नयेत, वही उघडता यावी! प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आपली वही ठेवावी, तिची प्रत शास्त्रज्ञांकडे द्यावी आणि मूळ वही आपल्याच कपाटात, आपल्याच किल्लीखाली राहू द्यावी. शाळा शिकलेल्या पोरीने आजोबांना विचारून पाण्याच्या ओढींची जुनी नावे तीत उतरवावीत.

येत्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहाल. त्याच दिवशी होडीत एक बादली, एक तापमापक, एक वही चढवा. पहिल्या पानावर तारीख घाला, जागा लिहा, वेळ लिहा, पाणी किती अंश आणि ओढ कोणत्या दिशेला ते लिहा. आणि खाली बादली ओढणाऱ्याचे पूर्ण नाव.