राक्षस काळाच का रंगवायचा?

आजऱ्यातल्या आमच्या वस्तीतला एक पोरगा टॅबवर चित्रं काढून चार पैसे मिळवतो. गिऱ्हाईक परदेशातलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. चार-पाच जण मिळून एक काल्पनिक जग उभं करतात, प्रत्येक जण त्यातलं एक पात्र होतो आणि आपल्या पात्राचं चित्र चित्रकाराकडून काढून घेतो. परवा त्याने मला एक राक्षस दाखवला. काळाकुट्ट, जाड ओठ, गळ्यात कवट्या. समोर त्याला मारणारा वीर, गोरापान.

"रंग गिऱ्हाइकाने सांगितला होता?"

"नाही ताई. राक्षस म्हटल्यावर..."

त्या 'म्हटल्यावर'मध्ये सगळं आलं.

"नुसता खेळ आहे" हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या या खेळात पात्राचा वंश निवडावा लागे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अर्धा ऑर्क म्हणून जन्माला आलात की ताकदीत दोन गुण जास्त, बुद्धीत दोन कमी, छाप पाडण्यात दोन कमी. अंगमेहनत यांची, अक्कल दुसऱ्यांची, आणि तीही जन्मावरून. मनुस्मृतीत फासे टाकायची सोय नव्हती, एवढाच फरक.

1977 च्या त्यांच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस आहे, वाघाच्या तोंडाचा. नागही आहे, माणसाच्या तोंडाचा साप. 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच का निवडलं हे सांगताना बाबासाहेबांनी बौद्ध धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची आठवण काढली होती. ज्यांना आपण पूर्वज मानतो, ते तिथे अक्राळविक्राळ प्राण्यांच्या यादीत.

पण अमेरिकेवर खापर फोडून आपली सुटका नाही. आंबोली घाट उतरलात की दशावतार. त्यात संकासुर येतो, काळ्या कपड्यात. त्याचा गुन्हा काय? त्याने वेद पळवले! ज्यांच्या कानावर वेद पडू द्यायचे नाहीत असा नियम होता, त्यांनीच रात्रभर जागून या 'चोरा'चा वध बघायचा. (लोक मनापासून हसतात ते त्याच्याचबरोबर, हेही खरं.) आणि इथे हिरण्यकेशीच्या काठावर रामतीर्थ. वनवासात राम इथे थांबला, असं सांगतात. या खोऱ्याच्या गोष्टीत पाहुण्याला नाव आहे. आधीपासून इथे राहणाऱ्यांना नाही. काल्पनिक जग असंच रचतात, त्याला टेबल लागत नाही.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचाराच्या केसेस पडल्यात आणि ही बाई खेळातल्या चित्रांवर लिहितेय. 1873 साली जोतीरावांपुढे कामं कमी नव्हती. तरी 'गुलामगिरी'त त्यांनी मत्स्यापासून एकेक अवतार उलटा करून तपासला आणि राक्षस म्हणजे रक्षक असं ठणकावून सांगितलं.

खेळ विकणाऱ्यांनी निदान पावलं तरी टाकली. 2024 च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द गेला, आणि वाढीव गुण आता पात्राने आधी काय काम केलं, काय शिकलं यावर मिळतात. नाव बदलून जात जात नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण गुण जन्मापासून तोडले हा बदल खरा आहे. 2022 साली त्याच खेळाच्या एका पुस्तकात भारतीय वळणाचं एक जग आलं, ते रचणारी मिमी मोंडल ही बंगालची दलित लेखिका. म्हणजे ही जागा आपल्याला बंद नाही. आपलीच पोरं तिथे जाऊन जुनाच राक्षस रंगवतात, हे दुखणं आहे.

त्या पोराला म्हटलं, गिऱ्हाइकाचं असू दे, एक चित्र स्वतःसाठी काढ. बळीराजाचा दरबार.

तो बराच वेळ टॅबकडे बघत बसला. "ताई, बळी उभा असताना दिसतो कसा? मी डोक्यावर पाय ठेवलेलाच बघितलाय."